लक्षद्वीपची विधानसभा आणि तो लाल रकाना

संविधान दिनानिमित्त इथे नागपुरात मसुदा-लेखनाची स्पर्धा होती. आमच्या गटाला विषय मिळाला: संविधानातलं निवडणुकांचं प्रकरण नव्याने मांडा आणि एखाद्या द्वीपसमूहाला विधिमंडळ द्या. आम्ही लक्षद्वीप घेतलं.

निवडणुकांच्या कलम ३२४ ते ३२९ ला फारसा हात लावावा लागला नाही. केंद्रशासित प्रदेशाला विधिमंडळ देता येईल असं सांगणाऱ्या कलम २३९-क मध्ये आज फक्त पुदुच्चेरीचं नाव आहे, तिथे लक्षद्वीप जोडलं. कलम २४० खाली अशा प्रदेशासाठी राष्ट्रपतींना विनियम (कायद्यासारखे नियम) करता येतात, तो अधिकार विधानसभेच्या पहिल्या बैठकीपासून थांबवला. इथवर सगळं सुरळीत होतं.

गाडी अडली ती जागावाटपावर. आयोजकांनी एक्सेलचा तक्ता दिला होता. मतदारसंघाची लोकसंख्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त हलली की रकाना लाल होणार, आणि लाल रकाना असलेला मसुदा छाननीतून परत येणार. २०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३, वस्ती दहा बेटांवर. कवरत्ती ११,२२१, अँड्रोट ११,१९१, मिनिकॉय १०,४४७. दुसऱ्या टोकाला चेतलत २,३४७ आणि बित्रा फक्त २७१. आम्ही चौदा जागा धरल्या, म्हणजे सरासरी ४,६०५. मोठ्या पाच बेटांना दोन-दोन, कदमत, कल्पेनी आणि किलतानला एकेक, चेतलत-बित्रा मिळून एक. दहा टक्क्यांत बसलं एकटं कल्पेनी! बाकी सगळा तक्ता लालेलाल.

चेतलत-बित्रा ४३ टक्के कमी भरत होतं. ते किलतानला जोडलं तर जागा तेरा होतात, सरासरी ४,९५९ वर जाते आणि तो एक मतदारसंघ ३२ टक्के जास्त होतो. कसंही फिरवा, समुद्र मध्ये येतोच. बेटाचा अर्धा तुकडा कापून शेजारच्या बेटाला जोडायचा, असं कोणी करतं का? आमच्या गटातली मैत्रीण छाननीच्या टेबलावर सरळ म्हणाली, "सर, काहून बदलायचं? आकडे जनगणनेचे आहेत." उत्तर आलं, "फॉर्मात जे आहे तेच भरा." मसुदा परत. पुन्हा दिला, पुन्हा परत. त्याचा राग मला अजून आहे. कलम १७० सुद्धा राज्यांच्या मतदारसंघांत लोकसंख्येचं प्रमाण शक्य तेवढंच सारखं ठेवा म्हणतं. संविधानाने जी मोकळीक ठेवली, ती एका तक्त्याने काढून घ्यावी?

सुटका झाली ती गोव्यामुळे. गोवा, दमण आणि दीव एकत्र केंद्रशासित होते तेव्हा विधानसभेच्या तीस जागांपैकी गोव्याला २८, दमणला एक, दीवला एक. दीवची वस्ती लहान, तरी स्वतःचा आमदार. हा दाखला एका पानावर मांडून आम्ही वरिष्ठ परीक्षक मॅडमकडे लेखी दिला. त्यांनी तो वाचला आणि बेटांसाठी सवलत दिली. त्या क्षणी जीव भांड्यात पडला, आणि अभिमानही वाटला.

सांगायचं राहिलं: मतदानाच्या तारखांचं कलम आधी लिहा. जून ते सप्टेंबर तिथला समुद्र खवळलेला असतो, म्हणून या महिन्यांत मतदान नको, असं आम्ही मसुद्यातच घातलं. आणि राखीव जागांच्या मागे वेळ घालवू नका. स्वतः आणि आई-वडील दोघंही या बेटांवर जन्मलेले असतील तर तो रहिवासी अनुसूचित जमातीत धरला जातो. जवळपास सगळी लोकसंख्याच त्यात येते, लोकसभेची एकमेव जागाही राखीव आहे.

माझं सगळ्यात आवडतं कलम मात्र अधिवेशनाचं. मिनिकॉय नऊ अंश खाडीच्या (नाइन डिग्री चॅनेल या समुद्रपट्ट्याच्या) पलीकडे, भाषा महल. बाकीची बेटं मल्याळम बोलणारी. राजधानी कवरत्तीत असली तरी वर्षातलं एक अधिवेशन मिनिकॉयला घ्यायचं, असं आम्ही लिहिलं. १९५३ च्या नागपूर कराराने आपल्याला हिवाळी अधिवेशन मिळालं. सरकार दारात आलं की काय फरक पडतो, हे आपण इथे दर डिसेंबरला बघतो. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न याच कलमावर विचारले, आणि एकाही उत्तराला आम्ही अडखळलो नाही.

पुढच्या वर्षी कोणी उतरणार असेल तर बेटनिहाय जनगणनेचा तक्ता पहिल्याच दिवशी जोडा, आणि दहा टक्क्यांतून सूट हवी असेल तर ती फॉर्म भरण्याआधीच लेखी मागा.