राजवायूंचं सोवळं

आज सदाशिव पेठेतल्या क्लासमध्ये अकरावीच्या पोरांनी माझी चांगलीच जिरवली. मी नेहमीच्या थाटात ठोकून दिलं, "ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेणारा, देणारा नव्हे." मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मग काल फळ्यावर ओ-टू-प्लस कुठून आला?"

खडू हातातच राहिला. ओ-टू-प्लस म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा रेणू. त्याचा बंधक्रम, म्हणजे दोन अणूंमधल्या बंधांची संख्या, अडीच काढायला मीच शिकवलं होतं, तेही परीक्षेत येतं म्हणून.

मग पुस्तक मिटलं आणि रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेटची गोष्ट सांगत बसले. कॅनडातलं व्हँकूव्हर. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची लालभडक वाफ इतकी हावरट की ऑक्सिजनच्या रेणूचाच इलेक्ट्रॉन हिसकावते. हाती येतो नारिंगी घनपदार्थ. गंमत म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्यावर ऑक्सिजनचा बंध सैलावत नाही, उलट आवळतो. बंधाची लांबी १.२१ अँगस्ट्रॉमवरून थेट १.१२.

बार्टलेटने तक्ता पाहिला. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२.०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, झेनॉन या राजवायूतून १२.१३. एवढाच फरक! मार्च १९६२ मध्ये त्याने ती लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र सोडले आणि क्षणात पिवळसर-नारिंगी घन तयार. त्याची नेमकी रचना पुढे बरीच किचकट निघाली, पण कुणाशीच संयोग न करण्याचं राजवायूंचं सोवळं मोडलं ते मोडलंच.

"आणि आर्गॉन, मॅडम?"

तोही बाटला, २००० साली, हेलसिंकीत. हायड्रोजन आणि फ्लोरिनच्या मध्ये बसवला, पण उणे अडीचशे अंशांच्या आसपासच्या थंडीतच टिकतो, असं सांगेपर्यंत पुढची बॅच दारात.

आयनिक बंधाचा धडा राहिलाच. शनिवारी जादा तास, पोरं शिव्या घालणार.