झाडणे आणि प्रश्न विचारणे

मी कोल्हापुरातील एका कॅथलिक शाळेत शिकवते. आमची मुले शाळेभोवतीच्या गल्ल्या झाडायला बाहेर पडतात, त्यामागे श्रद्धेची प्रेरणा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे सामायिक घर म्हटले आणि निसर्गाची हानी व गरिबांचे हाल हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असे बजावले. आमच्या वर्गांत सर्व धर्मांची मुले आहेत आणि त्यांना हा विचार परका वाटत नाही, कारण दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारणारे गाडगेबाबा त्यांना लहानपणापासून ठाऊक असतात.

रात्रीच्या त्या प्रश्नांशिवाय नुसते झाडणे अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे. हातमोजे, झाडू, एक छायाचित्र आणि घरी परत, एवढ्यावर उपक्रम संपला तर सेवा घडते, शिक्षण मात्र राहून जाते.

म्हणून गोळा केलेला कचरा आम्ही थेट कोंडाळ्यात टाकत नाही. आधी मैदानात ताडपत्रीवर पसरून तो वेगळा करतो. ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करावा, हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच सांगितले होते. एका मुलीला गटाराच्या जाळीपाशी दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे सापडले, नखाएवढे, चिखलात रुतलेले. अख्खी पिशवी भंगारवाला घेतो, पण हा कोपरा कोणी वेचत नाही. तो पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत जाऊ शकतो, हे मुलांनी स्वतः शोधून वहीत लिहिले.

त्या दिवशी खरे शिकवले ते आमच्या गल्लीतील सफाई कामगार ताईंनी. ओल्या कचऱ्यात उघडी टाकलेली फुटकी काच हाताला कशी लागते, हे त्यांनी तळहातावरचे जुने व्रण दाखवून सांगितले, तेव्हा कचरा वेगळा करण्याचा नियम कोणासाठी आहे, हे मुलांना वेगळे समजवावे लागले नाही. आता नववीची मुले घरोघरी दोनच विनंत्या करत आहेत: पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका आणि काच जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून टिपरमध्ये, म्हणजे कचरागाडीत, द्या.