उजवं पान

वर्षाच्या शेवटी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, देवाचे आभार मानायची उपकारस्तुतीची सभा भरायची. पत्रिकेवर नाव तेच छापलेलं असायचं, पण आम्ही मुलं तिला ‘वहीची सभा’ म्हणायचो. कारण त्या दिवशी महिला मंडळाच्या मावशी कपाटातून जाड पुठ्ठ्याची ती लांबट वही काढायच्या. डाव्या पानावर वर्षभरातल्या प्रार्थनेच्या विनंत्या, तारखेसकट. उजवं पान कोरं. मावशी एकेक ओळ वाचायच्या, ज्याची विनंती असेल तो उठून साक्ष द्यायचा, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायचा, आणि मग मावशी उजवीकडे लिहायच्या. लिहून होईपर्यंत पुढची ओळ नाही. सभा लांबायची ती त्यामुळेच.

आम्हा मुलांचं काम सुरुवातीला, वचनं म्हणायचं. मी सात वर्षांची असताना माझ्या वाट्याला बायबलमधल्या शेहेचाळिसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन आलं होतं. देव संकटसमयी साहाय्य करण्यास ‘सदा सिद्ध असतो’ असं ते आहे. मी माइकसमोर ठणकावून म्हटलं, ‘सदा शुद्ध असतो.’ सगळी मंडळी हसली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, “तेही खरंच आहे की!” आणि मला खाली बसवलं. दादा पुढची कितीतरी वर्षं मला ‘सदा शुद्ध’ अशीच हाक मारायचा.

एक काका होते. “मी काही बोलणारा माणूस नाही,” अशी सुरुवात करून वीस मिनिटं बोलायचे. दरवर्षी तीच साक्ष, त्याच जागी तोच आवंढा. आम्ही मागच्या बाकावर ती त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणायचो. बाकीच्या साक्षीही एकाच साच्याच्या असायच्या: संकट आलं, गुडघे टेकले, वाट उघडली. मला वाटायचं, देवाचा हा नियमच आहे. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, हे संडेस्कूलमध्ये शिकलेलं असूनही मी ते या सभेला कधी जोडलं नव्हतं. नोकरी मिळाली, बढती मिळाली अशा साक्षी ऐकताना आजही मी जरा चुळबुळते. आनंद मलाही होतोच, पण ज्याची ओळ कोरी राहिली तो कुठल्या बाकावर बसलाय, हे डोळे आपसूक शोधायला लागतात.

मी एकोणीस वर्षांची असताना डाव्या पानावर दादाचं नाव आलं. अकरा आठवडे तो दवाखान्यात होता, आणि मग गेला. त्या दिवसांत कुणीतरी मला जिन्यात गाठून, अगदी मायेने, “विश्वास कुठेतरी कमी पडला असेल गं,” असं म्हणालं होतं. ते वाक्य मी घरी कुणाला सांगितलं नाही. पण सभेला जायचं नाही असं मनाशी ठरवलं. आईने साडी बदलली, मला चप्पल आणून दिली आणि दारात उभी राहिली. गेलो.

मावशी वाचत वाचत आमच्या ओळीपाशी आल्या. मला वाटलं, गाळतील. त्यांनी तारीख वाचली, दादाचं नाव वाचलं आणि पेन हातात धरून थांबल्या. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आई उठली. माइकपाशी गेलीच नाही, जागेवरूनच बोलली. “सत्त्याहत्तर रात्री आम्ही दवाखान्यात होतो. त्यातली एकही मी एकटीने काढली नाही.” मग तिने नावं घेतली. कोण रात्रपाळीला बसलं, कोण पहाटे येऊन तिला दोन तास झोपायला लावायचं, सगळी नावं. वीस मिनिटांच्या साक्षीचे काकाही त्यात होते. पंधरा रात्री ते येऊन बसले होते, आणि आई म्हणाली, “एक अक्षर बोलले नाहीत.” कुणीतरी हसलं, मग काकांनी चष्मा काढला. आमेन म्हणायला मंडळीला जरा वेळच लागला.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी तयार केलेला उपदेश बाजूला ठेवला आणि बायबलमधल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडला. शमुवेल संदेष्टा धोंडा उभा करतो, त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असं नाव देतो आणि म्हणतो की येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी पानं मागे उलटून चौथा अध्याय काढला. तिथेही एबन-एजरच आहे, इस्राएलाची छावणी तिथेच पडली होती. त्या लढाईत आधी चार हजार पडले, मग तीस हजार, आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, शत्रूच्या हाती गेला. पाळकसाहेब म्हणाले, “आधी हार आहे, धोंडा वीस वर्षांनंतरचा. पण नाव तेच.” आणि बसले. एवढा छोटा उपदेश त्यांनी आधी किंवा नंतर कधी केल्याचं मला आठवत नाही.

वही आता माझ्याकडे असते. दादाच्या ओळीसमोर, उजव्या पानावर, मावशींच्या अक्षरात तेवीस नावं आहेत. जागा पुरली नाही म्हणून शेवटची चार आडवी, समासात लिहिलेली.

आई पुन्हा कधी साक्षीला उठली नाही. पण वहीत आजारपणाची नवी विनंती चढली की सभा संपल्यावर, पदर खोचत, ती आधी मावशींपाशी जायची आणि मावशींच्या नंतर माझ्यापाशी यायला लागली. म्हणायची, “रात्रीला कोण आहे? मंगळवार मला लिही.”