काय काम काढलंत?

बागमांडल्याच्या धक्क्यावर जंगलजेटीची, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीची, वाट बघत उभी होते. शेजारी टोपली टेकवून बसलेल्या मावशींनी विचारलं, "कुठं निघालात?"

"वेळासला."

"कोण असतं तिकडं?"

"कोणी नाही."

"मग काय काम काढलंत?"

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी चार दिवस एकटी कोकण किनाऱ्याने फिरले. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, दाभोळ, गुहागर. सगळं एसटीने, आणि जिथे खाडी आडवी येते तिथे जंगलजेटीने. निघताना वाटलं होतं, "एकट्याच?" असं लोक विचारतील. तेही विचारलं, पण त्याहून जास्त वेळा विचारलं गेलं ते "कशासाठी?"

पुणे-श्रीवर्धन गाडी ताम्हिणीतून उतरते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्याचा परिणाम गाडीत चढल्या चढल्या दिसतो. माझ्या पुढच्या बाकावर एक अंगणवाडी सेविका होत्या. मागे लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एक बाई, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी आधारकार्ड दाखवून फुकट प्रवास करत होत्या. यांतल्या कोणाबरोबरही कोणी नव्हतं. सगळ्या एकट्याच होत्या, आणि त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. लग्न, बारसं, मयत, दवाखाना, बँक, बाजार, नोकरी, देवदर्शन यांसाठी बाई कुठेही एकटी जाऊ शकते. नुसतं बघायला जाते म्हटलं की समोरचा गोंधळतो. मी स्वतःही गोंधळले होते. कंडक्टरने सहज विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मैत्रीण राहते श्रीवर्धनला." श्रीवर्धनला माझं कोणी नाही. सावधगिरी म्हणून खोटं बोलले असं तेव्हा मनाला सांगितलं. खरं म्हणजे "फिरायला" हा शब्द तोंडातून निघेना.

त्याआधी एका लॉजवाल्याने फोनवरच नकार दिला होता. "सिंगल लेडीजना रूम देत नाही. फॅमिली असेल तर सांगा." शेचाळीस वर्षांची बाई, ओळखपत्र आहे, पैसे आगाऊ द्यायला तयार आहे, तरी नाही. असा कोणताही कायदा नाही. तो संताप अजून उतरलेला नाही, कारण ऐन संध्याकाळी नकार मिळाला तर बाईने जायचं कुठे, हा विचार नाही म्हणणाऱ्याच्या मनातसुद्धा येत नाही. म्हणून माझा एक नियम आहे: रात्रीची सोय फोनवर स्पष्ट बोलून, "मी एकटी येणार आहे" हे सांगूनच ठरवायची, आणि उजेड असेपर्यंत तिथे पोचायचं.

या नियमापायी बाणकोटचा किल्ला राहिला. बागमांडल्याहून जंगलजेटीने सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, म्हणजे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू. आंबेतच्या पुलावरून आलं तर मोठा वळसा पडतो. वेसवीला उतरेपर्यंत पाच वाजून गेले होते. रिक्षावाले म्हणाले, किल्ला दाखवून वेळासला सोडतो. बोलणं चांगलं होतं, माणूस चांगला वाटत होता. तरी नको म्हटलं. हळहळ वाटली. बरोबर कोणी असतं तर गेले असते.

पाण्याचंही तेच. दिवसभर मी घोट घोट पाणी प्यायले, कारण पुढचं स्वच्छतागृह कुठे आणि कसं असेल याचा भरवसा नव्हता. मार्चच्या कोकणी उन्हात डोकं ठणकायला लागलं. शेवटी वेसवीला एका दुकानदार बाईंना सरळ विचारलं. त्यांनी मागच्या अंगणातून घरात नेलं, तांब्याभर पाणीही दिलं. आता मी दुकानात बाई दिसली की विचारते. अजून तरी कोणी नाही म्हटलेलं नाही.

वेळासला ज्या काकूंकडे उतरले, त्यांना फोनवर एकटी येतेय सांगितलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "ये की. जेवायला किती वाजता वाढू?" रात्री माजघरात, त्यांच्या सुनेशेजारी गादी घातली. पहाटे सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेले. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. गावातली माणसं ती अंडी काढून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. त्या सकाळी खड्ड्यावरच्या टोपलीखाली सात निघाली. वाळूवर ठेवल्यावर एक दिशा चुकून आडवं गेलं, थांबलं, मग वळलं. पहिली लाट त्याला उचलून पुन्हा मागे टाकून गेली. दुसऱ्या लाटेत ते गेलं. पन्नास-साठ माणसं होती, पण कोणी बोलत नव्हतं.

परत आल्यावर काकूंना सांगायला लागले, तर त्या पोहे हलवत म्हणाल्या, "पहिल्या वर्षी गेले होते बघायला. आता सीझनला कुठे जमतंय? सकाळचा चहाच पंधरा जणांचा असतो."

मंडणगड, दापोली अशा गाड्या बदलत दाभोळला आले. धक्क्याजवळ काळ्या दगडाची जुनी शाही मशीद आहे. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली एक राजकन्या मक्केला जायला निघून इथवर आली, समुद्र धोक्याचा म्हणून तिला पुढे जाता आलं नाही, आणि यात्रेसाठी आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधली, असं सांगतात. बंदरात आलेली बाई, समोर पाणी, आणि मागे फिरणं. मी पायरीवर बराच वेळ बसून राहिले. भारतातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मेहरमशिवाय (म्हणजे नवरा किंवा जवळचा पुरुष नातेवाईक बरोबर नसताना), निदान चौघींच्या गटाने हजला जाता येऊ लागलं ते २०१८ मध्ये.

वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरले. गुहागरच्या गाडीला वेळ होता. निवाऱ्यात रिकामी पाटी घेऊन एक मासेवाल्या ताई बसल्या होत्या. त्यांनी विचारलंच, "कुणाकडं गेला होतात?"

"कुणाकडे नाही. फिरायला आले होते. वेळासला कासवं बघितली."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "इथनं किती लांब पडतं?"

मी गाड्या सांगितल्या. दाभोळ, दापोली, मंडणगड, वेळास. त्यांनी बोटांवर मोजल्या.

"रात्री राहायला काय घेतात?"

तेही सांगितलं. मग वहीचं पान फाडून काकूंचा नंबर लिहून दिला. त्यांनी घडी करून तो बटव्यात पैशांशेजारी ठेवला, आणि तेवढ्यात गाडी आली.