२५ नोव्हेंबरचं भाषण

परवा रात्री बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण परत वाचायला घेतलं आणि झोपायला दोन वाजले. शाळेत आपण काय पाठ केलं, तर २ वर्षं ११ महिने आणि काही दिवस, ३९५ कलमं, ८ परिशिष्टं, झालं. पण ७६०० च्या वर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, हे काम संपवून उद्या मंजुरी आहे अशा दिवशी हा माणूस उठून काय बोलतो तर इतिहास! सिंधवर अरब सेनापती महंमद बिन कासिम चालून आला तेव्हा राजा दाहिरच्याच सेनापतींनी लाच खाल्ली, शिवाजी महाराज स्वराज्यासाठी लढत होते तेव्हा आपलेच सरदार मुघलांकडून लढत होते, हे सगळं एकामागून एक सांगतात आणि विचारतात की परत असंच होणार का? मला तर अंगावर काटा आला.

आणि बौद्ध भिक्खू संघाचा भाग तर मला सगळ्यात आवडतो, बसायची व्यवस्था, ठराव, कोरम (म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी), मतमोजणी, अगदी गुप्त मतदानसुद्धा संघात होतं, म्हणजे लोकशाही आपल्याला नवीन नाही पण ती एकदा आपण गमावलीय, परत गमावू का, ही त्यांची खरी काळजी.

माझी मुलगी आठवीत आहे, इतिहास बोअर होतो म्हणते. रविवारी तिला हे भाषण मोठ्याने वाचून दाखवणार आहे.