नॉव्हिस चेसचं कार्ड मी कसं वाचतो: माझा अनुभव

महालक्ष्मीला आणि पुण्याला शर्यती होतात त्या सपाट धावण्याच्या. तिथे कार्ड वाचायची सवय लागलेला माणूस इंग्लंडात आला आणि ऐन हिवाळ्यात नॉव्हिस स्टीपलचेसचं, म्हणजे नवख्या घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीचं (थोडक्यात चेसचं) कार्ड, घोड्यांच्या माहितीचा छापील तक्ता, त्याच्या हाती पडलं, की तो सवयीने सगळ्यात वेगवान घोडा शोधायला लागतो. मी वेगाकडे शेवटी वळतो. आधी उडी, मग ट्रॅक, मग मैदानाची ओल, आणि त्यातून जे घोडे उरतील त्यांचा वेग. हा क्रम उलटा केला की पैसे बहुतेक वेळा अडथळ्याच्या अलीकडेच राहतात.

कार्ड उघडलं की पहिल्यांदा शर्यतीच्या अटी वाचतो. ब्रिटनमध्ये नॉव्हिस म्हणजे चालू हंगाम सुरू होईपर्यंत एकही चेस न जिंकलेला घोडा. त्यामुळे याच हंगामात दोन चेस मारलेला घोडाही नॉव्हिसच ठरतो आणि आयुष्यात पहिल्यांदा फेन्स, म्हणजे चेसचा उंच अडथळा, बघणाऱ्या घोड्याशेजारी उभा राहतो. आयर्लंडमधली बिगिनर्स चेस निराळी, तिथे चेस न जिंकलेलेच घोडे असतात. आयर्लंडहून आलेल्या घोड्याने 'बिगिनर्स' जिंकली असेल, तर त्याने कोणाला हरवलं हे तपासल्याशिवाय मी त्या विजयाला वजन देत नाही. आधी जिंकलेल्यांच्या पाठीवर पेनल्टी म्हणजे जादा वजन चढतं, घोडीला सहसा 7 पौंडांची म्हणजे सव्वातीन किलोंच्या आसपास सवलत मिळते, आणि शिकाऊ जॉकी 3, 5 किंवा 7 पौंड कमी करून घेतो. मात्र ही शिकाऊ सवलत सगळ्या शर्यतींत चालत नाही, म्हणून अटींमधली ती ओळ बघतोच. हँडिकॅप, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे कमीजास्त वजन देणारी शर्यत, नसेल तर वजनाचा हिशोब पाच मिनिटांत उरकतो.

खरा वेळ जातो तो अडथळ्यांवर. हर्डल कमीत कमी साडेतीन फुटांचं असतं आणि पाय लागला तर ते मागे वाकतं. घोडा ते धावता धावता, सपाट झेप घेऊन ओलांडतो. फेन्स कमीत कमी साडेचार फुटांची, बर्चच्या फांद्या गच्च दाबून बांधलेली. तिथे पोट आणि गुडघे उचलावेच लागतात. दोन मैलांच्या चेसमध्ये अशा निदान 12 फेन्स येतात आणि पुढच्या दर मैलाला 6 वाढतात. काहींच्या अलीकडे खंदक असतो. हर्डलवर वेगाने जिंकलेला घोडा इथे तसाच जिंकेल असं धरून चालणं ही या शर्यतीतली सगळ्यात महाग चूक आहे. ब्यूव्हर द'एअर या घोड्याने दोन नॉव्हिस चेस जिंकल्या होत्या, तरी त्याला परत हर्डलवर नेलं आणि 2017 ची चॅम्पियन हर्डल त्याने जिंकली. उलट बॉब्स वर्थने चेल्टनहॅमला 2011 मध्ये तीन मैलांची नॉव्हिस हर्डल, 2012 मध्ये तीन मैलांची नॉव्हिस चेस आणि 2013 मध्ये गोल्ड कप ही मोठी चेस, अशी चढती रांग लावली. असा घोडा हर्डल पळतानाच फेन्ससाठी घडत असतो. मोठी चण, लांब पल्ला, आणि शेवटच्या चढावरही न मोडणारी चाल या तीन गोष्टी मी हर्डलच्या फॉर्ममध्ये शोधतो. पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे हौशी जॉकींच्या फेन्सवरच्या शर्यती, पळून आलेल्याला तर फेन्सची ओळख आधीच झालेली असते. कार्डावर 'चेसमध्ये पहिलीच वेळ' दिसलं तरी तो कोरा नसतो.

मग नावाच्या डावीकडचे आकडे, म्हणजे आधीच्या शर्यतींतले क्रमांक, आणि अक्षरं. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला, बी म्हणजे दुसऱ्या पडलेल्या घोड्यामुळे कोसळला, पी म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला, आर म्हणजे उडी नाकारली. आडव्या रेघेच्या डावीकडचा फॉर्म मागच्या हंगामातला, आणि तिरकी रेघ दिसली की मध्ये एक अख्खा हंगाम रिकामा गेलेला. बी हा घोड्याचा दोष नव्हे, तो मी खोडून टाकतो. एफ मात्र तसाच सोडत नाही, कुठे पडला ते शोधतो. पहिल्या-दुसऱ्या फेन्सला पडला तर त्याने अडथळा नीट जोखलाच नव्हता. शेवटून दुसऱ्या फेन्सला, आघाडीवर असताना पडला तर बहुतेकदा दमला होता, आणि पुढच्या खेपेला कमी अंतरावर किंवा कोरड्या मैदानावर तोच घोडा चांगल्या भावाला मिळतो. लागोपाठ दोन एफ असतील तर मात्र मी लांब राहतो. घोड्याचा विश्वास उडालेला असतो, आणि तो एका शर्यतीत परत येत नाही.

अक्षरांनी जे सांगितलं ते रिप्लेवर पडताळतो. प्रत्येक घोड्याची मागची चेस एकदा नेहमीच्या वेगात आणि एकदा फेन्सपाशी थांबवत थांबवत बघतो. नजर डोक्यावर नाही, पुढच्या पायांवर. फेन्सच्या अलीकडच्या शेवटच्या तीन ढांगा मोजायच्या. चांगला घोडा ढांग आपणहून लांबवतो किंवा आखडतो आणि वेग न मोडता उठतो. कच्चा घोडा ऐन फेन्सपाशी एक आखूड पाऊल घुसवतो, जवळजवळ उभा राहतो, आणि पलीकडे पडताना पुढचे पाय जमिनीत रुतल्यासारखे अडकून नाक गवताला टेकवतो. अशा एका उडीत दोन-तीन लेंग्थ, म्हणजे घोड्याच्या लांबीएवढी दोन-तीन अंतरं, जातात. त्याहून वाईट म्हणजे जॉकीला पुढच्या फेन्सला त्याला ढोसत न्यावं लागतं. दुसरी खूण तिरकी उडी. डावीकडे सरकत उडणारा घोडा उजव्या वळणाच्या ट्रॅकवर प्रत्येक फेन्सला वळणाच्या बाहेर फेकला जातो. अर्धी अर्धी लेंग्थ म्हटली तरी 12 फेन्सना सहा लेंग्थ झाल्या. उडीच्या शर्यतीत ढोबळमानाने एक लेंग्थ म्हणजे एक पौंड वजन धरतात, म्हणजे त्याने स्वतःच्या पाठीवर सहा पौंड चढवून घेतले.

म्हणूनच ट्रॅक. सँडाउन उजव्या वळणाचं, आणि मागच्या सरळ पट्ट्यात रेल्वे फेन्सेस नावाच्या तीन फेन्स एकामागोमाग येतात. पहिलीला गडबडलेला घोडा सावरायच्या आत दुसरी समोर उभी राहते. शेवटी चढही आहे. केम्प्टनही उजवं, पण सपाट आणि वेगवान. तिथे झटपट उडणारा चालतो. चेल्टनहॅम डाव्या वळणाचं, चढउतारांचं, आणि शेवटचा चढ दमलेल्याला उघडा पाडतो. फाँटवेलचा चेसचा ट्रॅक तर आठाच्या आकड्यासारखा, दोन्हीकडे वळावं लागतं. कार्डावर 'सी' आणि 'डी' म्हणजे याच ट्रॅकवर आणि याच अंतरावर जिंकलेला. नॉव्हिसमध्ये ही अक्षरं हर्डलच्या विजयासाठीही असू शकतात, तेवढं उलगडून घ्यावं.

मैदानाची ओल मी शर्यतीच्या दिवशी सकाळी बघतो, आदल्या रात्रीच्या अंदाजावर जात नाही. 'सॉफ्ट' म्हणजे ओल्या मैदानाचं 'हेवी' म्हणजे चिखलट झालं की तीन मैल साडेतीन मैलांसारखे लागतात, आणि हलक्या चणीचा घोडा फेन्सच्या अलीकडे पाय उपसतानाच दमतो. नवख्या मंडळींच्या ध्यानात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे हिवाळ्यातला तिरपा सूर्य. ऊन थेट डोळ्यांत येत असेल तर त्या बाजूच्या फेन्स शर्यतीतून वगळतात. दोन-तीन फेन्स गेल्या की चांगल्या उड्या मारणाऱ्याचं भांडवल तेवढं कमी होतं आणि वेगवान पण कच्च्या घोड्याला जीवदान मिळतं. ही घोषणा ऐकल्यावर मी माझा हिशोब पुन्हा मांडतो.

हिशोब भावाचा. समजा सहा घोडे आहेत आणि भाव 6/4 (4 लावले तर 6 नफा), 5/2, 5/1, 8/1, 12/1, 25/1. या भावांतून निघणारी जिंकण्याची टक्केवारी अनुक्रमे 40, 28.6, 16.7, 11.1, 7.7 आणि 3.8, बेरीज 107.9. शंभरावरचे जवळपास 8 बुकीचे. आता 6/4 चा फेव्हरिट डावीकडे उडतो आणि शर्यत सँडाउनला आहे. माझ्या मते त्याची संधी 33 टक्के. मग 40 टक्क्यांच्या भावाने तो घ्यायचा नाही, मग तो जिंकला तरी. दुसऱ्याची संधी मला 33 वाटते, म्हणजे रास्त भाव 2/1. मिळतोय 5/2. तिथे पैसे लावतो. असा फरक कुठेच दिसला नाही तर ती शर्यत सोडतो, आणि निम्म्याहून जास्त शर्यती सोडतोच.

ईच-वे, म्हणजे निम्मे पैसे विजयावर आणि निम्मे पहिल्या काही जागांत येण्यावर, लावणाऱ्याने घोड्यांची संख्या आधी मोजावी. आठ किंवा जास्त असतील तर नेहमीच्या नियमाने तीन जागा, पाचवा हिस्सा भाव. पाच ते सात असतील तर दोनच जागा, चौथा हिस्सा. चार किंवा कमी असतील तर फक्त विजय. बरोबर आठ घोडे असलेली शर्यत सकाळी फार मोहक दिसते. दुपारी मैदान ओलं झालं म्हणून एकाने माघार घेतली की तिसरी जागा गायब. शिवाय आधी घेतलेल्या भावावर रूल फोरची कपात लागते: माघार घेतलेला घोडा एकास एक भावाचा असेल, तर जिंकलेल्या प्रत्येक पौंडातले 45 पेन्स कापले जातात. मला हे माहीत नसताना पावती हातात आल्यावर आकडे जुळेनात.

रक्कम ठरलेली ठेवतो. शर्यतींसाठी वेगळे काढलेले 200 पौंड असतील तर एका शर्यतीला 2. घरखर्चातलं काही यात येत नाही. नॉव्हिस चेसमध्ये पडझड लागोपाठ येते, आणि पडल्यावर पुढच्या शर्यतीत दुप्पट लावणारा महिन्याभरात संपतो.

शेवटची पंधरा मिनिटं पॅडॉकपाशी, जिथे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात. थंडीत मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस दिसला की घोडा शर्यतीआधीच शक्ती घालवतोय. कार्डावर श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेची खूण असेल तर तिच्यानंतरची ही पहिलीच धाव. जानेवारी 2018 पासून ती जाहीर करावी लागते. अशा घोड्याच्या जुन्या 'पी'कडे मी जरा उदार होऊन बघतो, कारण जॉकीने थांबवला तेव्हा दम नव्हे, श्वास कोंडला असू शकतो.

शर्यत संपली की निकाल बाजूला ठेवून वहीत प्रत्येक घोड्यापुढे एक ओळ लिहितो: 'चौथ्या फेन्सला डावीकडे, खंदकाला आखूड पाऊल, शेवटच्या दोन उड्या स्वच्छ.' तीन आठवड्यांनी तोच घोडा दुसऱ्या ट्रॅकवर दिसतो, तेव्हा कार्डाआधी ही ओळ उघडतो.