‘करून टाका, बघू नंतर’

अडीच मीटरवर पोकलेनचं बकेट खरवडायला लागलं आणि मी ओळखलं, कातळ लागलाय. जमीन तपासणीचे दोनच बोअर घेतले होते आणि दोन्हींत मुरूम निघाला होता. सल्लागाराचे इंजिनिअर खड्ड्याच्या काठावर आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “ब्रेकर लावा, करून टाका, बघू नंतर.” मी लावला. 19 दिवस तो धडधडत होता.

जादा कामाचं पत्र मी दिलं एक्केचाळिसाव्या दिवशी. तेही बिलातून तो आयटम कापला गेला तेव्हा.

आमचा करार फिडिकच्या, म्हणजे सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, 1999 च्या रेड बुकवर होता; बांधकामाच्या ठेक्यांसाठीच्या तयार अटींचं हे पुस्तक. त्यातलं 4.12 कलम माझ्याच बाजूचं होतं. अनुभवी ठेकेदारालाही निविदा भरताना अंदाज आला नसता असं काही जमिनीत निघालं, तर मुदतही मिळते आणि खर्चही. पण 20.1 मी कधी नीट वाचलंच नव्हतं. घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांत नोटीस द्यायची. नाही दिली तर मुदतवाढही नाही आणि पैसेही नाहीत. कातळ खरा आणि खर्चही खरा, पण माझे 13 दिवस जास्त झाले होते. काही देशांतली न्यायालयं अशी कलमं जरा सैल वाचतात म्हणे. त्या आशेवर धंदा चालत नाही.

पत्र का दिलं नाही? संबंध बिघडतील म्हणून. आपल्या धंद्यात ही भीती सगळ्यांनाच असते. खरं तर नोटीस चार ओळींची असते: काय सापडलं, कधी, कुठे, आणि यामुळे वेळ-खर्च वाढेल. आकडे लागतच नाहीत. सविस्तर दावा 42 दिवसांपर्यंत देता येतो. मी मात्र आकडे जुळवत बसलो आणि मुदत घालवली.

त्याच पुस्तकात 3.3 कलम आहे. तोंडी सूचना मिळाली की कामाच्या दोन दिवसांत ती लिहून पाठवायची. पुढच्या दोन कामाच्या दिवसांत इंजिनिअरनं लेखी नकार दिला नाही, किंवा दुसरी सूचना काढली नाही, तर तुमचं पत्र हीच लेखी सूचना. म्हणजे त्यांचं गप्प बसणंही आपल्या कामी येतं! हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या दिवशी संध्याकाळीच चिठ्ठी गेली असती.

आता मुकादमाच्या रोजच्या वहीत मशीन किती तास चालली, किती माणसं होती आणि कोण काय बोललं, हे सगळं येतं. फोटो असतातच, पण दाव्यात ही वहीच जास्त वजनाची ठरते.

पोटठेकेदारांच्या करारात मी नोटिशीची मुदत 14 दिवस ठेवली, म्हणजे वरच्या 28 दिवसांत माझ्या हाताशी थोडा वेळ राहतो. गेल्या कामावर खोदाईवाल्यानं बाराव्या दिवशी माझ्या टेबलावर कागद ठेवला: पाणी लागलंय, पंप वाढवावे लागतील. पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा गोष्टीला नोटीस? मग कागद पुन्हा वाचला, वरचं नाव बदललं आणि तासाभरात तोच सल्लागाराकडे धाडला.